हाफ थ्री म्हणजे नक्की किती?

‘हाफ थ्री, ओके?’ फोनवर जर्मन बाईंनी विचारलं. मीही टेचात ‘ओके!’ म्हटलं. ब्रिटिश लोक साडेतीनला ‘हाफ थ्री’ म्हणतात, एवढं इंग्लिश आपल्याला येतं, राव! साडेतीनच्या ठोक्याला हॉटेलच्या लॉबीत हजर. बाई मात्र अडीचपासून वाट बघून एअरपोर्टला गेलेल्या. मुलाखत गेली, मानधन गेलं, वर एडिटरची बोलणी फ्री!

गुन्हेगार कोण, तर ‘हाल्प’ हा एवढुसा जर्मन शब्द. अर्थ साधा, अर्धा. पण ‘हाल्प द्राय’ म्हणजे तिसरा तास अर्धा झाला. अर्थात अडीच! डच ‘हाल्फ द्री’, स्वीडिश ‘हाल्व त्रे’... सगळ्या चुलत बहिणींच्या घड्याळात अडीचच. इंग्लिशने मात्र ‘हाफ पास्ट थ्री’मधला ‘पास्ट’ गिळला आणि आमचा तासाभराचा घोळ झाला.

बरं, खुद्द जर्मनीतही एकमत नाही. सव्वादोनला बरेच जण ‘दोन वाजून पाव’ अशा थाटात बोलतात. दक्षिणेत आणि पूर्वेत अनेक ठिकाणी मात्र तेच ‘फिर्टल द्राय’, म्हणजे पाव तीन! पावणेतीन म्हणजे पाऊण तीन. बाहेरगावचा जर्मनसुद्धा इथे गडबडतो.

डॅनिश लोकांनी तर कहर केलाय. त्यांच्या पन्नासच्या आकड्याचं मूळ आहे ‘अर्धा तिसरा गुणिले वीस’. म्हणजे अडीच विसा पन्नास! सत्तर म्हणजे साडेतीन विसा आणि नव्वद म्हणजे साडेचार विसा.

हे वाचून हसत होते, तेवढ्यात ट्यूब पेटली. आपल्या ‘अडीच’चं मूळ काय? संस्कृत ‘अर्धतृतीय’. म्हणजे तिसरा अर्धा. डिट्टो ‘हाल्प द्राय’! ‘दीड’मध्येही ‘द्वि’ आणि ‘अर्ध’ लपलेत. जर्मन दीडचाही शब्दशः अर्थ ‘दुसरा अर्धा’च. म्हणजे बाईंचं घड्याळ माझ्याच मायबोलीत चालत होतं. मीच स्टाइल मारत इंग्लिशमध्ये वेळ बघत बसले.

तेव्हापासून एक नियम केलाय. परदेशी क्लायंट असो की घरचा, वेळ आकड्यात लिहून मागायची. 14.30 म्हणजे 14.30. थोडं बावळट दिसतं खरं, पण मानधन मिळतं!