कोतची किल्ली दुकानदाराला?



सुट्टी संपवून युनिटमध्ये परतणारे जवान हल्ली गावाकडून चिवड्याच्या डब्याबरोबर एक सल्लाही घेऊन येतात. मोबाइलच्या दुकानात कोणीतरी सांगितलेलं असतं: "पोरावर लक्ष ठेवायचंय ना? त्याच्या बॅकअपचं एन्क्रिप्शन बंद करा, पाळतीचं एखादं ॲप घ्या आणि बॉर्डरवर बसून त्याचे सगळे मेसेज वाचा." मला हा सल्ला साफ नामंजूर आहे. बाप म्हणून आहेच, फौजी म्हणून त्याहून जास्त.

सिग्नलवाल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. बॅकअप म्हणजे फोनमधल्या मालाची दुसरी प्रत आणि एन्क्रिप्शन म्हणजे त्या प्रतीचं कुलूप. आयफोनची प्रत घरच्या कॉम्प्युटरवर घेताना एन्क्रिप्शनची खूण काढून टाकली, की मेसेज, फोटो, नंबर हे सगळं त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचलेल्या कोणालाही उघडता येतं. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर 2021 पासून क्लाउडवरच्या बॅकअपला असंच कुलूप द्यायला सुरुवात केली. पासवर्ड ठेवा नाहीतर 64 अंकी किल्ली. ती कंपनीलाही ठाऊक नसते. कुलूप काढल्यावर फक्त बापालाच आत जाता येईल अशी सोय कोणत्याही फोनमध्ये नाही.

अमेरिकेतल्या टीनसेफ नावाच्या ॲपचं काय झालं ते बघा. आईबापांना मुलांचे मेसेज आणि ठावठिकाणा दाखवण्याचा त्यांचा धंदा. त्यासाठी मुलाच्या ॲपल खात्याचं दुहेरी पडताळणीचं संरक्षण बंद ठेवावं लागे. मे 2018 मध्ये उघड झालं, की त्या कंपनीचे दोन सर्व्हर पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे पडलेत. आत मुलांचे ॲपल आयडी, आणि त्यांचे पासवर्ड जसेच्या तसे, वाचता येतील असे. किमान 10,200 नोंदी होत्या. दुहेरी पडताळणी आईबापांनी स्वतःच्या हाताने बंद केलेली, त्यामुळे तो पासवर्ड मिळाला की पुढे अडवणारं कोणी नाही. कुंपणच शेत खातं, ते असं.

आता फौजीची बाजू. जुलै 2020 मध्ये सैन्याने आपल्याला 89 ॲप फोनमधून काढायला लावली; फेसबुक, इन्स्टाग्राम, ट्रूकॉलर सगळी गेली. कुरकुरत का होईना, आपण काढली. पण घरी पोराच्या फोनमध्ये काय पडलंय? तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलेला बर्फातला फोटो, मागे चौकीची भिंत. "उद्या वर जातोय, आठ दिवस नेटवर्क नाही" हा व्हॉइस मेसेज. ग्रुपवरचा मेसेज प्रत्येकाच्या फोनमध्ये असतो, म्हणजे प्रत्येकाच्या बॅकअपमध्येही जातो. तुमच्या फोनला कितीही कुलपं असोत, पोराच्या बॅकअपचं काढलंत की तुमचंही निघालं. सोबत फोटोत असलेल्या सेक्शनच्या नऊ जणांचंही, त्यांना न विचारता. मी सध्या कुठे आहे ते इथे लिहीत नाही, पूर्वेकडच्या डोंगरात आहे एवढंच. कारण माजी सैनिकांना सांगायला नको. मग हीच शिस्त घराच्या उंबरठ्यावर का संपते?

आमचे एक सुभेदार साहेब यावर चिडले. म्हणाले, "तुमचं पटतं हो, पण आपण दहा-दहा महिने घरात नसतो. उद्या कोणी पोरीला फोटो मागून धमकावलं तर? डोळे मिटून बसायचं?" साहेबांची भीती खोटी नाही. अशा धमक्या येतात, आणि बाप लांब आहे हे हेरून येतात. पण मुलगी तेव्हा कोणाकडे जाईल, हे विचारा. चोरून मेसेज वाचणाऱ्या बापाकडे ती जायची नाही.

वाचणाऱ्याला चकवायचं कसं, हे तर आपल्याच लोकांनी दाखवून ठेवलंय. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांची पत्रं सेन्सॉर वाचत असे. जवानांनी काय केलं? हिंदी शिपायांना 'काळी मिरी' आणि गोऱ्यांना 'लाल मिरची' म्हणत पत्रं लिहिली. शंभर वर्षांपूर्वीचा शिपाई हे करतो, तर नववीतलं पोर काय गप्प बसेल? दुसरं खातं काढेल, मित्राचा फोन वापरेल. तुम्ही वाचत बसाल "जेवण झालं का".

लक्ष ठेवायचंच तर उघडपणे ठेवा. गुगलचं फॅमिली लिंक आहे: कोणतं ॲप घ्यायचं, किती वेळ वापरायचं, फोन कुठे आहे, एवढं त्यात कळतं आणि ठरवता येतं. मेसेज वाचता येत नाहीत, आणि मला तेच बरं वाटतं. पोरासमोर बसून लावा, सुट्टीत. धमकीचा मेसेज आला तर पुसायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, आधी आईला सांगायचं, मग 1930 ला फोन करायचा. लहान मुलांसाठी 1098 आहेच. हे दोन नंबर फ्रिजवर चिकटवा.

आणि दुकानदाराचं ऐकून कुलूप काढलं असेल तर आजच परत लावा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट, मग चॅट बॅकअप, तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. पासवर्ड पोराने ठरवावा आणि कागदावर लिहून घरच्या लोखंडी ट्रंकेत ठेवावा. विसरला तर कंपनीही काढून देत नाही.