सुवार्ता सांगणाऱ्याचे इमान

ख्रिस्ती मंडळीच्या कारभारात पाळक, वडील, सचिव, खजिनदार अशी पदे असतात आणि त्या प्रत्येकाच्या अधिकाराची व कर्तव्याची नोंद घटनेत केलेली असते. परंतु हायस्कुलातील मुलामुलींना जमवून त्यांच्याशी प्रभू येशूविषयी बोलण्याचे काम ज्याच्याकडे सोपवले जाते, तो बहुधा नुकताच पदवीधर झालेला, गाणारा, हसतमुख असा एखादा तरुण असतो, आणि त्याची नेमणूक वार्षिक सभेच्या अखेरीस, कोणी फारसा प्रश्न न विचारता, मंजूर होऊन जाते. तरुण संघाचा पुढारी म्हणून हे काम मी स्वतः केले आहे, आणि त्यावरून माझे मत असे बनले आहे की मंडळीतील दुसरे कोणतेही पद इतके नाजूक नाही. तेरा ते अठरा या वयात मूल आईबापांच्या शब्दापासून थोडे अलग होऊन दुसऱ्या कोणाचा तरी शब्द प्रमाण मानण्यास उत्सुक झालेले असते. आणि ज्याचा शब्द ते मानते, त्याच्या हाती त्या मुलाच्या अंतःकरणाचा असा काही ताबा येतो की ज्याची लिखापढी कोठल्याही दप्तरात होत नाही.

या कामाला आजचे स्वरूप देणाऱ्या संस्थांमध्ये अमेरिकेतील ‘यंग लाइफ’चे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या अखेरीस जिम रेबर्न हा डॅलस येथील धर्मशास्त्राचा विद्यार्थी टेक्सास राज्यातील गेन्सव्हिल या लहानशा गावी मदतनीस म्हणून आला, तेव्हा तेथील पाळकाने त्याला सांगितले की उपासनेला येणाऱ्या मुलांची चिंता मी वाहीन. जी मुले चर्चची पायरी चढत नाहीत त्यांचे हायस्कूल हीच तुझी मंडळी समज. शाळा सुटल्यावर भरवलेल्या सभेला मूठभर मुले येतात हे पाहून रेबर्नने ती सभा एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी, संध्याकाळी भरवण्यास आरंभ केला, आणि दिवाणखान्यात बसण्यास जागा पुरेना. १९४१ साली संस्थेची रीतसर स्थापना झाली. मुलांना सुवार्ता कंटाळवाणी वाटेल अशा रीतीने सांगणे हे पाप होय, असे रेबर्न मानीत असे. म्हणून त्याच्या सभेत गाणी, नकला, हशा यांना भरपूर वाव असे आणि भाषण थोडक्यात, मुलांच्याच बोलीत होत असे.

परंतु या पद्धतीचे मर्म सभेत नसून सभेच्या आधीच्या दिवसांत आहे. सामन्याच्या रात्री शाळेच्या मैदानावर पुढारी मुलांमध्ये बसलेला असतो. कोणाचा पाय मुरगळला, कोणाला संघातून वगळले, कोणाचे वडील घर सोडून गेले, हे त्याला ठाऊक असते. तो मुलांची नावे पाठ करतो, त्यांच्या नाटकाच्या तालमीला जाऊन बसतो, आणि हे सर्व बहुतांशी विनावेतन, आपले शिक्षण अथवा नोकरी सांभाळून करतो. ऐकवण्याचा हक्क आधी कमवावा लागतो, हे तत्त्व त्याला पहिल्याच दिवशी शिकवले जाते. ते तत्त्व मला आजही खरे वाटते, कारण ज्या उपदेशकाला समोरच्या मुलाचे नावही ठाऊक नाही त्याने त्या मुलाच्या तारणाविषयी बोलावे, यात मला काहीतरी असभ्य वाटत आले आहे.

आणि तरीही याच तत्त्वाच्या पोटात एक धोका दडलेला आहे. मैत्री करून जो हक्क कमवायचा, तो कमावण्यासाठीच मैत्री केली असेल तर ती मैत्री राहते काय? मुलगा शिबिराला आला, शेवटच्या रात्री त्याने प्रभूला जीवन अर्पण केले, म्हणजे पुढाऱ्याचे श्रम फळाला आले. पण ज्याने सर्व ऐकून घेऊन शांतपणे नकार दिला, त्याच्या सामन्याला पुढच्या आठवड्यात पुढारी जाणार आहे की नाही, या एका प्रश्नावर त्या सर्व कामाची पारख व्हावी, असे माझे म्हणणे आहे. मुले या बाबतीत मोठ्या माणसांपेक्षा कितीतरी चाणाक्ष असतात. आपल्यावर केलेल्या प्रेमाचा मोबदला मागितला जात आहे हे त्यांच्या ध्यानात येण्यास वेळ लागत नाही. २०२० मध्ये ‘यंग लाइफ’च्या अनेक माजी सभासदांनी जाहीरपणे तक्रार मांडली की समलिंगी मुलामुलींना सभेत व शिबिरात मायेने सामावून घेतले जाते, परंतु तीच मुले मोठी होऊन पुढारी होऊ म्हणतात तेव्हा संस्थेचा नियम आडवा येतो. या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळ्यांत तीव्र मतभेद आहेत हे मी जाणतो. पण ज्या अटी पुढे लागू होणार आहेत त्या आरंभी न सांगता प्रेम देणे हे इमानदारीचे नव्हे, एवढे तरी कोणत्याही बाजूच्या माणसाला मान्य व्हावे.

निरपेक्ष सोबत कशी असते याचे जे उदाहरण माझ्या मनावर सर्वांत खोल ठसले आहे ते बर्लिनमधील आहे. १९३१ साली डीट्रिख बोनहोफर हा पंचवीस वर्षांचा विद्वान, विद्यापीठात अध्यापन करीत असतानाच, शहराच्या उत्तर भागातील कामगारवस्तीत त्सियोन मंडळीच्या दृढीकरणाच्या वर्गावर नेमला गेला. वर्गात सुमारे पन्नास मुलगे होते आणि त्यांनी आपल्या वृद्ध पाळकाला अगदी जेरीस आणले होते. पहिल्या दिवशी ते दोघे जिना चढत असता वरच्या मजल्यावरील कठड्यावरून त्यांच्या अंगावर कचरा पडला आणि वर्गात मुलांनी नव्या शिक्षकाच्या नावाचा गजर करून एकच गोंगाट माजवला. बोनहोफर भिंतीला टेकून खिशात हात घालून उभा राहिला आणि काही वेळाने इतक्या हळू आवाजात बोलू लागला की पुढच्या रांगेखेरीज कोणाला काही ऐकू येईना. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील काळ्या लोकांच्या वस्तीत त्याने जे पाहिले होते ते तो सांगत होता. आणि कुतूहलानेच वर्ग शांत झाला.

इतके कौशल्य एखादा चतुर शिक्षकही दाखवील. बोनहोफरचा मोठेपणा पुढे दिसतो. हा सुखवस्तू प्राध्यापकाचा मुलगा त्या गरीब वस्तीतच खोली भाड्याने घेऊन राहण्यास गेला, आणि आपण घरी नसलो तरी मुलांना आत येऊ द्यावे, असे त्याने घरमालकिणीला सांगून ठेवले. तेथे मुले बुद्धिबळ शिकत, इंग्रजीचे धडे घेत, एकत्र जेवत. बेकारीच्या त्या हिवाळ्यात दृढीकरणाच्या विधीसाठी पोशाख करणे अनेक घरांना परवडणारे नव्हते, तेव्हा त्याने कापडाचा ठाण विकत घेऊन तो मुलांना वाटून दिला. वर्गातला एक मुलगा रुग्णालयात पडला तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा तो त्याच्या खाटेपाशी जाऊन बसत असे. या मुलांपैकी कितीजण पुढे उपासनेला नियमित येत राहिले याचा हिशेब त्याच्या मोठेपणाचे माप म्हणून आजवर कोणी मागितलेला माझ्या वाचनात नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण महाराष्ट्रात या विषयाला एक जुनी जखम आहे आणि ती झाकून ठेवून आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना या कामाविषयी बोलता येणार नाही. १८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी धनजीभाई पुरते सतरा वर्षांचेही नसावेत. पारशी समाजाने सुप्रीम कोर्टात फिर्याद केली. कोर्टाने धनजीभाईंना वाटेल तेथे जाण्याची मुभा दिली आणि ते विल्सन यांच्याकडेच राहिले. पण शाळेचे वर्ग ओस पडले. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला; तो अज्ञान असल्यामुळे कोर्टाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी जी खटपट केली आणि त्यापायी स्वकीयांचा जो रोष पत्करला, तो आपल्या सामाजिक इतिहासाचा भाग आहे. मी ख्रिस्ती आहे, धनजीभाईंचा निश्चय मला आदरणीय वाटतो. तरीही श्रीपतच्या बापाचे दुःख मला परके वाटत नाही, आणि जांभेकरांना मी त्या प्रकरणात माझ्या धर्माचा शत्रू मानीत नाही. एका अज्ञान मुलाला घर परत मिळावे म्हणून ते झगडत होते.

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ ने या दुःखावर विचारपूर्वक तोडगा काढला आहे: सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीविना, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाच्या संमतीविना, धार्मिक शिक्षणास अथवा उपासनेस बसवता येत नाही. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने सरकारी हायस्कुलातील विद्यार्थ्यांना आपण होऊन धार्मिक मंडळ चालवण्याचा समान हक्क दिला, १९९० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. पण बाहेरच्या माणसाने असे मंडळ चालवू नये अथवा तेथे नियमाने हजर राहू नये, अशी मर्यादाही त्याच कायद्यात घातलेली आहे. ही बंधने सुवार्तेच्या आड येतात, अशी कुरकुर आमच्यात अधूनमधून ऐकू येते. मला ती पटत नाही. जे आईबापांच्या देखत सांगता येत नाही ते त्यांच्या लेकराला सांगण्याचा अधिकार पुढाऱ्याला कोठून आला?

आडोशाने काय घडते, याचा पुरावा इंग्लंडने दिला आहे. तेथील नामांकित निवासी शाळांतील मुलांसाठी चालणाऱ्या ‘आयवर्न’ या ख्रिस्ती शिबिरांत जॉन स्मिथ नावाचा प्रतिष्ठित बॅरिस्टर पुढारी होता. मुलांचा विश्वास संपादन करून, पापक्षालनाच्या नावाखाली, तो त्यांना आपल्या बागेतील खोपटात नेऊन रक्त निघेपर्यंत वेताने मारीत असे. १९८२ साली चौकशी होऊन अहवाल लिहिला गेला, पण तो मोजक्या लोकांत दडपून ठेवण्यात आला. स्मिथ पुढे झिम्बाब्वेला गेला आणि तेथेही त्याने शिबिरे भरवली. २०१८ मध्ये तो शिक्षेविना मरण पावला. २०२४ च्या नोव्हेंबरात या प्रकरणाचा मेकिन अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यामुळे कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना पद सोडावे लागले. ज्यांनी तो पहिला अहवाल दडपला ते दुष्ट नव्हते; सुवार्तेच्या कामाला बट्टा लागू नये असे त्यांना वाटत होते, आणि त्या कळकळीपायी आणखी किती मुलांनी वेत खाल्ले हे वाचताना मला पुढची पाने उलटणे अवघड झाले.

म्हणून आमच्या मंडळ्यांपुढे माझी सूचना अशी आहे की तरुण संघाच्या पुढाऱ्याची नेमणूक वार्षिक सभेत अखेरच्या विषयावर न सोडता पालकांना बोलावून, त्यांना प्रश्न विचारण्याची पूर्ण मुभा देऊन करावी. शिबिर, सहल अथवा सुट्टीतील बायबल वर्ग असो, मूल ख्रिस्ती घरचे असो वा नसो, तेथे काय शिकवले जाणार आहे हे स्पष्ट लिहून पालकाची सही घ्यावी. आणि कोणत्याही मुलाशी बोलणे दाराआड न होता दुसऱ्या एखाद्या प्रौढाच्या नजरेसमोर व्हावे. पुढाऱ्याकडून बाप्तिस्म्याचे अथवा निर्णयाचे आकडे मागू नयेत. आणि शक्य असेल तेथे पाच वर्षे टिकण्याची तयारी असलेल्या माणसाचीच निवड करावी, म्हणजे आठवीत असताना ज्याने त्याला पहिला प्रश्न विचारला तो मुलगा बारावीच्या निकालाच्या दिवशी, प्रभूवर विश्वास ठेवणारा असो वा नसो, गुणपत्रिका दाखवण्यासाठी त्याच्याकडे जाऊ शकेल.