वेस उघडली, भट्टीचे काय?

रहिमतपूर स्थानकातून मिरजेकडे निघालेली गाडी कऱ्हाड मागे टाकून किर्लोस्करवाडीस पोहोचते. महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाने आपले आरंभीचे धडे याच लोहमार्गालगत गिरवले. १९१० साली कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी तेथील उजाड माळावर कारखाना थाटला, तेव्हा विलायती नांगर अडवून धरणारी जकातीची उंच भिंत नव्हती. सरस आणि किफायतशीर ठरेल तोच माल टिकणार होता. मात्र औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा आणि पाठबळ दिले नसते, तर त्या स्पर्धेत उतरणेच कठीण होते. खुल्या व्यापाराचा विचार करताना या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

आयात-जकातीची कमाल मर्यादा जुलै १९९१ मध्ये १५० टक्क्यांवर आणली गेली. २००७ पर्यंत औद्योगिक मालापुरती ती सामान्यतः १० टक्क्यांपर्यंत उतरली. ब्रिटनशी व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. वेस अशी उघडत गेली की कारखानदार वीज आणि कोळसा जपून वापरू लागतात, असे अर्थशास्त्रज्ञ सांगतात. त्यांचे म्हणणे निराधार नाही. संरक्षित बाजारात वाया गेलेल्या विजेचे मोल गिऱ्हाइकाकडून वसूल करता येते. स्पर्धा आली की ती सोय संपते. शिवाय परदेशी यंत्रे व सुटे भाग स्वस्त होतात आणि निर्यातीच्या मागणीमुळे भट्टी पूर्ण भाराने चालते.

परंतु सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील लहान ओतकाम कारखान्यांकडे पाहावे. विजेच्या भट्टीत एक टन लोखंड वितळवण्यास साधारणतः ६०० युनिटांच्या आसपास वीज लागते. भंगार स्वच्छ करून टाकले, भट्टीवर झाकण ठेवले, साच्यांची वाट पाहत रस तापत ठेवला नाही, तर थोडी बचत जवळजवळ विनाखर्च होते. जुनी भट्टी बदलायची तर मात्र भांडवल हवे. मोठ्या कंपनीस ते मिळते. लहान कारखानदाराचा नफा स्पर्धेनेच घटला, तर तो जुन्याच भट्टीवर दिवस काढतो. ज्या वाऱ्याने मोठ्याची भट्टी चेतते, त्यानेच लहानाचा दिवा विझण्याचे भय असते. आणि त्या दिव्याच्या उजेडात कामगारांची घरे चालतात.

त्यात १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आदी मालाच्या आयातीस कार्बन-आकार लागू केला आहे. इंधनाची उधळपट्टी आता परक्या वेशीवर मोजली जाणार. आपल्याकडे मात्र २००१ च्या ऊर्जासंवर्धन कायद्याखालील उद्दिष्टे प्रामुख्याने मोठ्या कारखान्यांस बांधून घेतात. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने ऊर्जाबचतीच्या कर्जावर सूक्ष्म व लघु उद्योगांस ५ टक्के व्याजसवलत देणारी योजना आणली, हे स्तुत्यच होय. तथापि, केवळ घोषणेने भट्टी बदलत नाही. जिल्हा उद्योग केंद्रांनी योजना कारखान्याच्या दारापर्यंत न्यावी, तंत्रनिकेतनांनी विजेचा हिशेब तपासून द्यावा, सहकारी बँकांनी त्या हिशेबावर विश्वासून कर्ज द्यावे.

स्पर्धा काटकसरीची निकड पटवते. काटकसरीचे साधन हाती देत नाही. ते देणे शासनाचे आणि समाजाचे कर्तव्य आहे. वेस उघडणाऱ्यांनी औंधकरांचा हा धडा विसरू नये.