पाय केव्हा उचलावा?

महाविद्यालयांत एक अलिखित संकेत आहे. ज्या प्राध्यापकाचा मैदानाशी काडीचाही संबंध नाही, त्याला जिमखाना समितीवर नेमावे. मराठी शिकवणारा माणूस तर या कामासाठीच जन्माला आलेला असतो! तेव्हा मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ माझ्या वाट्याला यावा यात नवल ते काय? सामने पाहायला येणारे पालक आपल्या शंका मलाच विचारतात. त्या शंका, वाचकहो, बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतात. धावणाऱ्या मुलीने बेसवरून पाय केव्हा उचलायचा?

लहानपणी आपण डोंगर-पाणी खेळलो आहोत. सॉफ्टबॉलचे बेस म्हणजे डोंगर आणि मधली वाट म्हणजे पाणी, एवढे ध्यानात धरले की अर्धा खेळ समजला. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर तीन बेस, चौथ्यावर होम प्लेट. दोहोंमधले अंतर 60 फूट. चेंडू टोलवून निघालेली मुलगी तिन्ही डोंगर शिवून घरी आली की एक धाव. वाटेत कोणी हातातला चेंडू तिच्या अंगाला लावला की ती बाद. इथवर सारे सोपे आहे.

पण मग एखाद्या मुलीची आई तावातावाने विचारते, “सर, तिला कुणी हात तरी लावला का? मग बाद कशी?”

याचे उत्तर वाड्यात राहिलेल्यांना पटकन पटावे. एका बेसवर एकच बिऱ्हाड! चेंडू जमिनीवरून टोलवला की टोलवणारीला पहिल्या बेसकडे जावेच लागते, म्हणून तिथे आधी असलेलीला जागा खाली करून दुसऱ्याकडे पळावे लागते. पळणे जेव्हा असे सक्तीचे असते, तेव्हा तिच्या अंगाला चेंडू लावायची गरज नाही. चेंडू घेऊन कोणी तिच्या आधी पुढच्या बेसवर पाय ठेवला की पुरे. मात्र मागून येणारी आधीच बाद झाली, तर सक्ती संपली. आता हिला वाटले तर मागे फिरता येते, आणि हिला बाद करायचे तर अंगालाच चेंडू लावला पाहिजे. हा बदल अर्ध्या क्षणात होतो. धावणारीला तो पाठीमागे न पाहता कळावा लागतो. चांगल्या चांगल्या मुली इथे घोटाळतात.

दुसरी शंका उंच उडालेल्या चेंडूची. चेंडू झेलला गेला की बेस सोडून पुढे गेलेल्या मुलीला परत येऊन तो शिवावा लागतो. शिवल्यावर हवे तर पुन्हा धावावे. नियमाचे शब्द मात्र मोठे मासलेवाईक आहेत. चेंडू झेलला जाईपर्यंत थांबा असे तो म्हणत नाही. झेलणारीच्या हाताला चेंडूचा पहिला स्पर्श झाला की निघा, असे म्हणतो. हा शब्दच्छल नव्हे. झेल पुरा होईपर्यंत थांबायचे असते, तर एखादी बिलंदर खेळाडू चेंडू तळहातावर लाह्यांसारखा उडवीत उडवीत चौकोनापर्यंत चालत आली असती आणि बेसवरच्या मुली खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या असत्या. एका शब्दाने ही लबाडी बंद केली. आमच्या व्याकरणकारांनी हेवा करावा असे हे काम आहे!

आणि चोरी! बेस ‘चोरणे’ हे या खेळात उजळ माथ्याने चालते. वेगवान चेंडूफेकीच्या सॉफ्टबॉलमध्ये अट एकच: पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत पाय बेसवरून हलता कामा नये. हलला तर बाद. बेसबॉलमध्ये ही अट नाही, पण तिथे दोन बेसांमध्ये 90 फूट असतात. इथल्या आखूड वाटेवर चार पावले आधीच पुढे सरकू दिली तर चोर सापडायचा कसा? क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मंडळींना हे नीट कळते. 1947 च्या डिसेंबरात विनू मंकड यांनी सिडनीच्या कसोटीत लवकर निघालेल्या बिल ब्राऊनना धावचीत केले आणि त्यांच्या नावाला उगाच एक डाग चिकटला. 2022 साली क्रिकेटच्या कायद्यांनी तो प्रकार ‘अनुचित खेळा’च्या कलमातून उचलून ‘धावचीत’च्या कलमात ठेवला. सॉफ्टबॉलने ही भानगड पंचांवरच सोपवली आहे. गोलंदाजाला बिचाऱ्याला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

पिचरभोवती 8 फूट त्रिज्येचे एक वर्तुळ असते. चेंडू घेऊन ती त्यात उभी राहिली आणि टोलवणारीची धाव संपली, की बेसांच्या मध्ये असलेल्या मुलीने एकदा थांबावे आणि लगेच पुढे तरी जावे किंवा मागे तरी फिरावे. भाजी घेऊ की नको करीत पिशवी धरून उभे राहणाऱ्यांना इथे क्षमा नाही. पंच सरळ बाद देतात.

सर्वांत कठोर नियम मात्र मला अमेरिकेतल्या एका सामन्यामुळे समजला. 2008 च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एलेन्सबर्ग येथे सारा टुकोल्स्की हिने आयुष्यातला पहिला होमरन मारला. चेंडू कुंपणापलीकडे. आनंदाच्या भरात पहिला बेस शिवायचा राहिला. तो शिवायला ती वळली आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. कशीबशी सरपटत ती बेसपाशी आली. संघातल्या कोणी तिला हात लावला असता तर ती बाद ठरली असती. बदली खेळाडू दिली तर होमरन जाऊन फक्त एका बेसचा फटका उरेल, असे पंचांनी सांगितले.

तेव्हा प्रतिपक्षाची मॅलरी होल्टमन पुढे झाली. “आम्ही उचलून नेले तर?” पंचांना त्यात हरकत दिसली नाही. मॅलरी आणि तिची सहकारी लिझ वॉलेस यांनी साराला उचलले आणि प्रत्येक बेसपाशी खाली वाकून तिचे धड असलेले डावे पाऊल टेकवीत घरी आणले. तो सामना त्या दोघींचा संघ 4-2 असा हरला आणि पुढच्या फेरीची त्यांची आशा संपली.

मागाहून नियमाचे पुस्तक उघडले तेव्हा निघाले ते असे, की जखमी मुलीच्या जागी दुसरीने उरलेले बेस पुरे करण्याची मुभा त्यात होती. पंचांना ते कलम त्या वेळी आठवले नव्हते.