मोठे नाव की मैदान?

मोठ्या संघात राखीव खेळाडू म्हणून बसून राहावे, की दुसऱ्या संघात जाऊन खेळावे? तुम्ही काय कराल?

इजिप्तच्या मोहम्मद सलाहपुढे हाच प्रश्न होता. नागरिग हे त्याचे गाव. लहानपणी तो सरावासाठी बस बदलत बदलत, कित्येक तास प्रवास करून कैरोला जाई. जानेवारी २०१४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इंग्लंडच्या नामांकित चेल्सी क्लबने त्याला घेतले. पण तेथे त्याला खेळण्याची संधी क्वचितच मिळे. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो ठरावीक मुदतीसाठी इटलीच्या फिओरेन्टिना क्लबकडून खेळायला गेला. पुढे रोमा क्लबमध्ये तो नियमित खेळू लागला. २०१७ मध्ये लिव्हरपूल क्लबने त्याला पुन्हा इंग्लंडला आणले. पहिल्याच हंगामात त्याने प्रीमियर लीगमध्ये ३२ गोल केले!

काही जण म्हणतील, "जागा बदलणे म्हणजे पळ काढणे." मला तसे वाटत नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही आणि सामने खेळल्याशिवाय खेळाडू घडत नाही. मात्र नुसता क्लब बदलून गोल होत नाहीत. जो सराव टाळतो, त्याने कितीही संघ बदलले तरी काय उपयोग?

म्हणून आधी स्वतःच्या मनाला विचारा : मी कमी पडतो, की मला संधी कमी मिळते? मी कमी पडतो असे उत्तर आले, तर मेहनत वाढवा. संधी कमी मिळत असेल, तर लहान मैदानावर उतरायला लाजू नका.