गुणवत्तेची आठवण केव्हां होते?

दहावीचा निकाल लागला कीं मुंबई-पुण्याकडील खासगी शाळांच्या पालकांची झोंप उडते. ठराविक चारदोन कॉलेजांत आपल्या मुलास अकरावीची जागा मिळेल कीं नाहीं, या चिंतेनें अन्न गोड लागत नाहीं. ही चिंता खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. २००९ सालीं महाराष्ट्र सरकारनें अकरावीच्या शंभरांपैकीं ९० जागा एस्. एस्. सी.च्या मुलांस राखून इतर मंडळांच्या मुलांस अवघ्या १० ठेविल्या, तेव्हां हा तंटा मुंबई हायकोर्टांत गेला व कोर्टानें तो हुकूम रद्द केला. २०१० सालीं एस्. एस्. सी.च्या मुलांचे उत्तम पांच विषयांचेच गुण धरण्याचा नियम निघाला. तो हायकोर्टानें मोडला, पण सुप्रीम कोर्टानें कायम केला. दोन्ही वेळां गुणवत्तेच्या नांवानें हांकाटी झाली. केवळ मंडळ पाहून मुलास मागें लोटणें हा न्याय नव्हे, हें आम्हांसही मान्य आहे.

परंतु या पालकांस आमचा एक सवाल आहे. खेड्यांत एकच मास्तर दोन-तीन वर्ग सांभाळतो. शेतकऱ्याची मुलगी पाणी भरून, कोसभर चालून शाळा गांठते. इकडे लाखाच्या घरांत फी, वर खासगी क्लास! या दोघांचे गुण एकाच तागडींत पडतात, तेव्हां गुणवत्तेची आठवण कोणास होते? रयतेच्या करावर वरिष्ठ वर्गाचें शिक्षण चालतें व रयतेचीं मुलें कोरडीं राहतात, हें गाऱ्हाणें जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मांडलें होतें. तें अद्यापि जुनें झालें नाहीं.

खरें दुखणें निराळेंच आहे. अकरावीच्या जागा कमी नाहींत. कित्येक कॉलेजांत त्या दरसाल रिकाम्या राहतात. कमी आहेत तीं भरंवशाचीं कॉलेजें. २०२५ सालापासून राज्यभर प्रवेश ऑनलाइन झाले. यानें रांग नीट लागेल, पण तालुक्याच्या कॉलेजास शिक्षक कोठून मिळणार?

आमच्या बहुजन बांधवांसही सांगणें आहे कीं, मोठ्या नांवास भुलून क्लासवाल्याच्या फीसाठीं शेत गहाण टाकूं नका. गांवच्या कॉलेजांत प्रयोगशाळा आहे काय, शिक्षक पुरते आहेत काय, हें विचारा. आणि खासगी शाळांच्या पालकांनो, कोर्टापर्यंत पोंचणारा तुमचा आवाज एकदां या मागणीसाठींही उठवा. दूरचें कॉलेज सुधारलें, तरच तुमच्या मुलापुढची रांग तुटेल.