बाराची न्याहारी

मराठी माणसाच्या पोटाचे वेळापत्रक एके काळी ठरलेले असे. सकाळी न्याहारी, दुपारी जेवण, चारला चहा आणि रात्री पुन्हा जेवण. न्याहारी चुकली तर चुकली. तिची उधारी जेवणात फेडायची. पण या दोन्हींची मोट बांधून बाराच्या सुमारास एकदमच पान वाढावे, ही कल्पना आपल्याकडच्या नव्हे. ती सुचवली गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रज लेखकाने, १८९५ साली, 'हंटर्स वीकली'त. त्याचे म्हणणे असे की शनिवारी रात्री उशिरापर्यंत मौज केलेल्या माणसाला रविवारी लवकर उठवून जड जेवायला बसवणे हा शुद्ध जुलूम आहे. त्याला निवांत उठू द्या, बाराला खाऊ घाला, आणि चहाकॉफी नको असेल तर बिअर द्या. या प्रकाराला 'ब्रंच' म्हणतात. साप्ताहिकात लिहिणाऱ्यांच्या सूचना सहसा कोणी मनावर घेत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. या गृहस्थाची मात्र साऱ्या जगाने मनावर घेतली.

माझ्या पुतण्याने तर फारच घेतली. "काका, काकू, या रविवारी तुम्हांला ब्रंचला न्यायचे आहे. घरी काही खाऊन येऊ नका."

"बारा वाजेपर्यंत काहीच नाही?" आमच्या सौ.नी विचारले. "म्हणजे निर्जळी एकादशीच की!" आणि त्यांनी पर्समध्ये दोन दाण्याचे लाडू टाकले.

ठिकाण लोअर परळचे. एका बंद गिरणीचे आवार. चिमणी तशीच उभी आहे आणि दगडी भिंतही शाबूत आहे. आत छताच्या लोखंडी तुळयांना काळा रंग देऊन त्यांतून पिवळे दिवे सोडले आहेत. जिथे साचे दणदणत, तिथे एक तरुण गिटार वाजवीत होता, आणि त्याच्यामागे भिंतभर बाटल्यांची आरास मांडली होती. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही पुस्तकात आहे आणि पिणाऱ्याला परवाना लागतो. म्हणून तर जुन्या हॉटेलांच्या पाट्यांवर 'परमिट रूम' असे लिहिलेले असे. त्या पाटीखालून आत शिरणारा माणूस आधी मागे वळून पाही. इथे मात्र शेजारच्या टेबलावर आजी, सून आणि दोन नातवंडे असा सगळा परिवार उजळ माथ्याने बसला होता. आजींच्या पुढ्यात संत्र्याच्या रसात फसफसती वाइन घातलेला पेला होता, आणि त्या तो पन्ह्यासारखा घोटघोट घेत होत्या. मला तरी हे दृश्य आवडले.

सौ.नी 'ब्लडी मेरी' मागवले, अर्थात व्होडका वगळून. उंच पेल्यात टोमॅटोचा रस, मिरपूड, लिंबू आणि वर सेलरीचा एक दांडा. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "साराला फोडणी द्यायला विसरलेत." मी 'एग्ज बेनेडिक्ट' घेतले. भाजलेल्या गोल पावावर मांसाचा काप, त्यावर उकळत्या पाण्यात फोडून शिजवलेले अंडे आणि त्यावर लोणी, बलक व लिंबू यांचे पिवळेधमक सॉस. सुरी लावताच अंडे फुटून सगळे एकजीव होते. हा पदार्थ खरोखर उत्तम आहे. त्याची थट्टा करण्याचा मी बेत केला होता, तो पहिल्या घासालाच सोडला. ॲव्होकॅडोबद्दल मात्र असे म्हणता येणार नाही. पावाला फासलेल्या त्या हिरव्या लगद्यापेक्षा शिकरण केव्हाही सरस.

आमच्या टेबलाचा वेटर मराठी निघाला, चिपळूणकडचा. सौ.नी कोणताही माणूस भेटला की त्याच्या घरची चौकशी करायची, हा शिरस्ता तिथेही मोडला नाही. राहायला दिव्याला, बायको एका कचेरीत, मुलगा तिसरीत.

"मग आज रविवार, मुलगा वाट बघत असेल," सौ. म्हणाल्या.

"रविवारी कुठली सुट्टी, मावशी? रविवारीच तर खरी गर्दी. माझा ऑफ मंगळवारी. त्या दिवशी त्याची शाळा आणि हिचे ऑफिस. रविवारी गाड्या कमी, त्यात मेगाब्लॉक. ब्लॉक सुरू व्हायच्या आत निघावे लागते. तेव्हा दोघेही झोपलेले असतात."

एवढे बोलून तो आमच्या रिकाम्या बशा घेऊन गेला. मला आठवले नारायण मेघाजी लोखंडे. त्या काळी गिरणीत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि आठवड्याची सुट्टी अशी नाहीच. लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानात, म्हणजे आम्ही बसलो होतो तिथून घोड्याच्या एका दौडीवर, सुमारे १० हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही त्या सभेत भाषणे केली. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असेही त्या मागणीच्या बाजूने सांगितले जाई. पण मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. सुट्टी सगळ्यांना मिळाली आणि ती एकाच दिवशी मिळाली. बाप, भाऊ, शेजारी एकाच वेळी घरी. भजनी मंडळे, नाटके, व्यायामशाळा हे गिरणगावचे सारे वैभव त्या एका सामायिक दिवसावर उभे राहिले. बेरिंजरने आपला लेख लिहिला त्याच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट.

मी हे पुतण्याला सांगू लागलो. तो हुशार आहे. म्हणाला, "पण काका, तुम्ही तरुणपणी रविवारी दादरला मिसळ खायला जात होताच ना? तिथला पोऱ्या काय सुट्टीवर होता? आणि आता २०१७ चा कायदा आहे. दुकाने, हॉटेले वर्षभर उघडी ठेवा, पण प्रत्येक नोकराला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी द्याच, असे त्यात आहे. याला ती मिळतेय."

त्याचे म्हणणे खोडण्यासारखे नव्हते. मिसळीच्या हॉटेलातल्या त्या पोऱ्याचे नाव मी कधी विचारले नव्हते; सौ. बरोबर असत्या तर त्यांनी नक्की विचारले असते. कायदाही खरा. चोवीस तास मोजून मिळतात. ते कोणाबरोबर काढायचे, ते कायद्यात लिहिता येत नाही. मी म्हणालो, "तुझे खरे आहे, पण तू तुझा रविवार त्याच्या मंगळवाराशी बदलशील का?" पुतण्याची बायको हसली. पुतण्या मेनूकार्डात वॉफल शोधू लागला.

बिल आले. माणशी अडीच हजार, शिवाय खाली सेवाशुल्क लावलेले. हे शुल्क आपणहून बिलात घालू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ सालीच बजावले आहे. पुतण्याने ते काढायला लावले आणि तेवढेच पैसे त्या वेटरच्या हातात दिले. हे त्याने कोणाला न सांगता केले, म्हणून मी इथे सांगतो.

निघताना सौ.नी पर्समधले दोन्ही लाडू कागदात बांधून वेटरला दिले. "मुलाला द्या. दिवाळीत तरी घरी असता ना?"

"सणाला नाही, मावशी. पण शाळेला सुट्टी असते तेव्हा माझे मंगळवार सापडतात. यंदा दोन येतात. एक हॉटेलने मागून घेतलाय, गर्दी असते म्हणून." लाडू खिशात ठेवीत तो म्हणाला, "दुसऱ्याला त्याला राणीच्या बागेत नेणार आहे. त्याला पेंग्विन बघायचेत."